म्यानमारच्या लष्कराला आपण काय देत आहोत?

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
आणि महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले 48 खासदार यांस,



हे पत्र म्यानमारबद्दल आहे. खासदार महोदय, तुमच्या मतदारसंघात या विषयावर एकही मत फिरत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ते तुम्हाला लिहितो आहे, कारण या देशाशी आपली 1,643 किलोमीटरची सीमा आहे. त्या सीमेपलीकडे 1 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे सेनाप्रमुख मिन आंग हलाइंग यांनी निवडून आलेले सरकार उलथवले. आधी ते लष्करी मंडळाचे अध्यक्ष झाले, ऑगस्ट 2021 मध्ये पंतप्रधान झाले आणि जुलै 2024 मध्ये हंगामी राष्ट्राध्यक्ष. ते वर चढत असताना भारताने वेळोवेळी त्यांना हात दिला. तो हात मागे घ्यावा, एवढेच मागणे घेऊन मी आलो आहे.

आधी हे सारे कसे घडले ते नीट पाहू, कारण दिल्लीतल्या चर्चांमध्ये त्याला 'तिथला अंतर्गत प्रश्न' म्हणून हातावेगळे केले जाते. 8 नोव्हेंबर 2020 ला म्यानमारमध्ये मतदान झाले. ज्या 476 जागांवर ते झाले त्यांपैकी 396 आंग सान सू ची यांच्या नॅशनल लीग फॉर डेमॉक्रसीला मिळाल्या. लष्कराच्या पाठबळावर उभ्या असलेल्या पक्षाला 33. लष्कराने मतदारयाद्यांत घोटाळा असल्याची ओरड सुरू केली. निवडणूक आयोगाने ती फेटाळली.

आता प्रश्न असा की लष्कराचे या निकालाने बिघडले काय होते? 2008 ची राज्यघटना लष्करानेच लिहून घेतलेली. संसदेतल्या एक चतुर्थांश जागा गणवेशातल्या माणसांना राखीव. संरक्षण, गृह आणि सीमाव्यवहार या तीन खात्यांचे मंत्री सेनाप्रमुखाने नेमायचे. महत्त्वाची कलमे बदलायला पाऊणपेक्षा जास्त मते हवीत, म्हणजे लष्कराच्या मर्जीविना एक ओळ हलणार नाही. इतके सगळे मुठीत असताना सत्ता उलथवायची गरज कुणाला होती?

गरज एका माणसाला होती. मिन आंग हलाइंग यांचा जन्म 3 जुलै 1956 चा. सेनाप्रमुखाची निवृत्ती पासष्टाव्या वर्षी, म्हणजे जुलै 2021 मध्ये. पुढची पायरी राष्ट्राध्यक्षपदाची. राष्ट्राध्यक्ष खासदार निवडतात. दोन्ही सभागृहांच्या मिळून 664 जागा, त्यांतल्या 166 लष्कराच्या, बहुमताचा आकडा 333. म्हणजे निवडून आलेल्या खासदारांपैकी केवळ 167 त्यांना हवे होते. मिळाले 33. बंडानंतर लष्कराने आपल्या प्रमुखाची वयोमर्यादाच काढून टाकली. त्या बंडाबद्दल कितीही विद्वत्तापूर्ण लेख लिहिले गेले असले तरी मला हे वयाचे आणि जागांचे गणित सर्वांत जास्त पटते.

आणि कागद बघा किती नीट केले. आणीबाणी पुकारण्याचा अधिकार घटनेने राष्ट्राध्यक्षाला दिला आहे. राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांनी पुढे न्यायालयात सांगितले की पहाटे लष्करी अधिकारी आले आणि प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा द्या म्हणाले. त्यांनी मरण पत्करीन पण सही करणार नाही, या अर्थाचे उत्तर दिले. मग त्यांना अटक झाली. लष्कराच्या कोट्यातून आलेले उपराष्ट्राध्यक्ष मिंट स्वे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी सही केली आणि त्याच सहीने सगळी सत्ता सेनाप्रमुखाकडे गेली. घटनेप्रमाणे आणीबाणी एक वर्षाची; तिला सहा-सहा महिन्यांच्या दोन मुदतवाढी हा रिवाज. ती चालली जुलै 2025 पर्यंत, साडेचार वर्षे. ज्या घटनेचा आधार घेऊन हे केले, ती घटनाही त्यांनी पाळली नाही.

त्या सकाळची एक चित्रफीत जगभर फिरली, तुमच्याही मोबाइलवर आली असेल. राजधानी नेप्यिडॉमध्ये संसदेकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर एक व्यायामशिक्षिका नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यासमोर नाच-व्यायाम करते आहे. तिच्या पाठीमागून काळ्या गाड्यांचा ताफा अडथळ्यांपाशी येऊन थबकतो, पुढे सरकतो. तिला पत्ता नाही. लोक ती बघून हसले. मला तेव्हाही हसू आले नाही. एक देश आपल्या रोजच्या कामात असताना त्याच्या पाठीमागून त्याचे मत काढून नेले जात होते.

दुसऱ्या संध्याकाळपासून यांगूनमध्ये आठ वाजले की लोक गॅलऱ्यांत येऊन पातेली, झाकणे, डबे बडवू लागले. घरातली इडापिडा बाहेर घालवायची ही तिकडची जुनी रीत. डॉक्टरांनी सरकारी रुग्णालयांतले काम थांबवले, शिक्षक शाळांतून बाहेर पडले, रेल्वेचे लोक संपावर गेले. 9 फेब्रुवारीला नेप्यिडॉमध्ये मोर्चात उभ्या असलेल्या एका तरुण मुलीच्या डोक्यात गोळी लागली. तिचा विसावा वाढदिवस रुग्णालयात, शुद्ध हरपलेली असताना गेला. दहा दिवसांनी ती वारली.

आणि मग 27 मार्च 2021. म्यानमारचा सैन्यदिन. त्या एका दिवसात देशभर शंभराहून जास्त माणसे मारली गेली, त्यांत लहान मुले होती. त्याच दिवशी नेप्यिडॉत संचलन झाले. जगातल्या बहुतेक देशांनी पाठ फिरवली. आठ देशांचे प्रतिनिधी हजर राहिले. रशिया, चीन, पाकिस्तान, बांगलादेश, व्हिएतनाम, लाओस, थायलंड आणि भारत. माननीय मंत्रिमहोदय, तिथे आपला लष्करी प्रतिनिधी खुर्चीवर बसला होता, तो माझ्या आणि माझ्यासारख्या कोट्यवधींच्या वतीने बसला होता. मला ते मान्य नव्हते. आजही नाही.

मी रत्नागिरीचा. आमच्या गावाला म्यानमारचे दोन धागे जोडलेले आहेत. इंग्रजांनी नोव्हेंबर 1885 मध्ये मंडाले घेतले, राजा थिबाला पदच्युत केले आणि 1886 मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला थिबा राजवाडा 1910 मध्ये त्याच्यासाठी बांधून झाला. डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याची समाधी इथे आहे आणि थोरल्या राजकन्येचा वंश इथल्या मातीत मिसळून मराठी बोलतो. डिसेंबर 2012 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन, तेही माजी सेनाधिकारीच, त्या समाधीवर फुले वाहायला आले होते.

दुसरा धागा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना 22 जुलै 1908 ला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात काढली. गीतारहस्य तिथे लिहिले गेले. 1912 मध्ये सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. जयंती-पुण्यतिथीला तुमच्यापैकी प्रत्येकजण मंडालेचा उल्लेख करतो. पण टिळकांना ज्या कलमाखाली तिथे पाठवले त्याचे पुढे काय झाले, हे कुणी सांगत नाही. ब्रह्मदेशाला इंग्रजांनी भारताचीच दंडसंहिता लावली होती, कलमांच्या क्रमांकांसकट. ती आजही तिथे चालू आहे. 14 फेब्रुवारी 2021 ला, बंडाला दोन आठवडे होतात न होतात तोच, मिन आंग हलाइंग यांच्या मंडळाने 124-अ, तेच राजद्रोहाचे कलम, दुरुस्त केले. लष्कराबद्दल किंवा सैनिकांबद्दल अप्रीती निर्माण करणे हाही आता गुन्हा, शिक्षा वीस वर्षांपर्यंत. सोबत 505-अ हे नवे कलम घातले. पत्रकार, डॉक्टर, कवी, नट, विद्यार्थी असे हजारो लोक अशा कलमांखाली आत गेले. मंडालेचा तो किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. टिळकांचे नाव घेऊन मते मागणाऱ्याला त्यांच्या कलमाखाली आज तिथे बंद असलेल्यांबद्दल बोलावेच लागेल, असे मला वाटते.

आता सरकारची बाजू. ती पोकळ आहे असे मी म्हणत नाही. 1988 च्या उठावात भारताने लोकशाहीवाद्यांची बाजू उघडपणे घेतली, सू ची यांना नेहरू पुरस्कार दिला; आणि त्या काळात चीन म्यानमारच्या लष्कराशी जवळीक साधून बसला. ईशान्येतले सशस्त्र गट सीमेपलीकडच्या जंगलात तळ ठोकून होते. त्यांच्याविरुद्ध लष्कराची मदत हवी होती. कोलकात्याहून सित्तवे बंदर, तिथून कलादान नदीने पलेत्वा आणि पुढे रस्त्याने मिझोरम असा मार्ग उभा करायचा होता. म्हणून 1990 च्या दशकापासून दिल्लीने लष्कराशी जुळवून घेतले. डिसेंबर 2021 मध्ये आपले परराष्ट्र सचिव म्यानमारला गेले तेव्हा त्यांनी सू ची यांना भेटू द्या म्हणून विचारलेही. भेट मिळाली नाही.

पण ज्या लष्कराशी हा हिशेब मांडला होता ते लष्कर आज सीमेवर कुठे आहे? 27 ऑक्टोबर 2023 ला उत्तरेत तीन सशस्त्र संघटनांनी एकत्र चढाई केली. ऑगस्ट 2024 मध्ये लाशिओ पडले, तिथले लष्कराचे विभागीय मुख्यालय शत्रूच्या हाती गेले. असे त्या लष्कराच्या इतिहासात आधी घडले नव्हते. जानेवारी 2024 मध्ये पलेत्वा आराकान आर्मी या सशस्त्र संघटनेने घेतले आणि त्यानंतर राखाइन प्रांताचा बहुतेक भाग. आपला कलादान मार्ग ज्या जमिनीवरून जातो तिचा मोठा भाग आता नेप्यिडॉच्या हुकमात नाही. चिन प्रांताच्या सीमेवरची ठाणी स्थानिक लढवय्यांनी घेतली. मार खाल्लेले म्यानमारचे सैनिक शस्त्रे टाकून मिझोरममध्ये आले आणि आपण त्यांना विमानाने परत पाठवले. लाशिओ पुढे चीनच्या दबावाने लष्कराला परत मिळाले, हे खरे. त्यातूनही हेच दिसते की मिन आंग हलाइंग बीजिंगच्या आधारावर उभे आहेत. चीनला दूर ठेवायचे म्हणून त्यांनाच जवळ करायचे, हे मला तरी समजत नाही.

आणि जुना अनुभव काय सांगतो? 1958 मध्ये पंतप्रधान ऊ नू यांनी राजकीय फाटाफुटीला कंटाळून जनरल ने विन यांच्याकडे काही काळापुरती सत्ता सोपवली. 1960 मध्ये निवडणूक झाली, ऊ नू परत आले. पण सत्तेची चव लागली होती. 2 मार्च 1962 ला ने विन यांनी ती कायमची घेतली. जुलैमध्ये रंगून विद्यापीठाची विद्यार्थी संघटनेची इमारत स्फोटकांनी उडवली. 1964 मध्ये दुकाने, गिरण्या, व्यापार सरकारजमा झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले लाखो भारतीय वंशाचे लोक हातातल्या पिशवीनिशी परत आले. बायकांच्या अंगावरचे दागिनेही बंदरावर काढून घेतले जात. गणवेशातला राज्यकर्ता भारताला सोयीचा असतो, हे तेव्हा खरे ठरले नाही, आजही ठरणार नाही.

सू ची यांना मी देवी मानत नाही. 2017 मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. गावे जाळणारे हेच मिन आंग हलाइंग यांचे सैन्य होते, आणि डिसेंबर 2019 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्या सैन्याची बाजू मांडायला सू ची स्वतः उभ्या राहिल्या. तेरा महिन्यांनी त्याच सैन्याने त्यांना उचलले. एकूण 33 वर्षांची शिक्षा ठोठावली, मग दया दाखवून 27 वर आणली. माझे पत्र त्यांच्यासाठी नाही. ते त्या मतदारांसाठी आहे ज्यांच्या बोटावरची शाई वाळण्याआधी त्यांचे मत रद्द झाले. जुलै 2022 मध्ये फाशी दिलेल्या चौघांसाठी आहे. त्यांत फ्यो झेया थॉ हा रॅप गाणारा तरुण होता, जो पुढे खासदार झाला. खासदार महोदय, तो तुमच्यासारखाच निवडून आलेला होता.

संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे 2023 मध्ये एक अहवाल दिला. बंडानंतर म्यानमारच्या लष्कराला शस्त्रे आणि शस्त्रनिर्मितीचे साहित्य कुठून गेले याची त्यात मोजदाद आहे. रशिया आणि चीनची रक्कम मोठी आहे. भारतातून गेलेले साहित्य सुमारे 5 कोटी 10 लाख डॉलरचे, आणि त्यात सरकारी मालकीच्या कंपन्याही आहेत. जे लष्कर हवाई हल्ल्यांनी स्वतःचीच गावे मारते त्याला हे दिले गेले. 11 एप्रिल 2023 ला सागाइंगमधल्या पाझिगी गावात एका कार्यालयाच्या उद्घाटनाला जमलेल्या लोकांवर विमानातून बाँब पडले. दीडशेहून जास्त मेले. 28 मार्च 2025 ला मंडाले-सागाइंगला 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला. भारताने 'ऑपरेशन ब्रह्मा' हाती घेतले, मंडालेत आपल्या लष्कराने रुग्णालय उभारले, आपले जवान ढिगारे उपसत होते. त्याबद्दल मला अभिमान आहे. त्याच आठवड्यात म्यानमारची विमाने भूकंपग्रस्त भागातल्या गावांवर बाँब टाकत होती. एप्रिलमध्ये बँकॉकला आणि ऑगस्टमध्ये तिआन्जिनला आपल्या पंतप्रधानांनी मिन आंग हलाइंग यांची भेट घेतली. ती छायाचित्रे नेप्यिडॉच्या सरकारी वर्तमानपत्राला कशासाठी हवी असतात, हे मुत्सद्देगिरीत आयुष्य घालवलेल्या मंत्र्यांना मी सांगायला नको. देशात ज्याला मत मिळत नाही त्याला बाहेरच्या हस्तांदोलनाची भूक असते.

आता मिझोरम. झोखावथारजवळ तिआऊ नदी अगदी लहान आहे; उन्हाळ्यात माणसे पाण्यात पाय घालून पलीकडे जातात. अलीकडे मिझो, पलीकडे चिन. बोली जवळची, चर्च एक, सोयरीक एक. बंडानंतर लोक कडेवर पोरे घेऊन ती नदी ओलांडून आले. 10 मार्च 2021 ला केंद्रीय गृहमंत्रालयाने ईशान्येच्या चार राज्यांना पत्र पाठवले: येणाऱ्यांना रोखा, शोधा, परत पाठवा; निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्याला नाही. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी पंतप्रधानांना लिहिले की हे आमच्या रक्ताचे लोक आहेत, आम्ही डोळेझाक करू शकत नाही. आणि बारा-तेरा लाख वस्तीच्या त्या राज्याने तीस हजारांवर माणसे सामावून घेतली. यंग मिझो असोसिएशनने बांबूची घरे बांधली, चर्चने तांदूळ गोळा केला, खेड्यांतल्या शाळांनी मुलांना वर्गात बसवले. केंद्राकडून त्यांना मिळाले काय, तर फेब्रुवारी 2024 मध्ये सीमेपलीकडे मुक्त ये-जा करण्याची मुभा रद्द करण्याची घोषणा आणि कुंपणाचा बेत.

लोकसभेत मिझोरमचा खासदार एक. महाराष्ट्राचे 48. म्हणून हे पत्र तुमच्या नावे आहे. त्या एका आवाजाच्या मागे उभे राहायला कुणाची तरी गरज आहे, आणि ज्या राज्याने म्यानमारचा राजा तीस वर्षे ठेवून घेतला, ज्याचा सर्वांत मोठा पुढारी सहा वर्षे मंडालेत होता, त्या राज्याचे खासदार यासाठी परके नाहीत.

28 डिसेंबर 2025 पासून लष्कराने टप्प्याटप्प्याने निवडणूक घेतली. सू ची यांचा पक्ष मार्च 2023 मध्येच बरखास्त केलेला. देशाच्या मोठ्या भागात मतदान झालेच नाही. निवडणुकीवर टीका करणेही नव्या कायद्याने गुन्हा. त्यातून जे सरकार आले त्याला निवडून आलेले सरकार म्हणू नका. मिन आंग हलाइंग यांच्या नावापुढे आज कोणताही हुद्दा लागला तरी तो 1 फेब्रुवारी 2021 च्या पहाटेच मिळवलेला आहे. डिसेंबर 2022 मध्ये सुरक्षा परिषदेने म्यानमारवर ठराव केला, तेव्हा परिषदेचे अध्यक्षपद आपल्याकडे होते. हिंसा थांबवा, कैदी सोडा एवढेच त्यात म्हटले होते. आपण तटस्थ राहिलो, चीन आणि रशियाच्या रांगेत.

मंत्रिमहोदय, सीमेवरच्या कामकाजापुरते नेप्यिडॉशी बोलायला माझी हरकत नाही. शेजारी बदलता येत नाही. पण शस्त्रे, सुटे भाग, रडार, लढाऊ विमानांचे इंधन यांतले काहीही भारतातून त्या लष्कराला जाणार नाही, असा लेखी निर्णय जाहीर करा. राखाइन आणि चिनमध्ये प्रत्यक्ष कारभार चालवणाऱ्यांशी, आणि बंडात हटवलेल्या खासदारांनी उभ्या केलेल्या राष्ट्रीय ऐक्य सरकारशीही, उघडपणे बोला. औषधे आणि धान्य मिझोरममधून थेट पलीकडे जाऊ द्या, नेप्यिडॉच्या परवान्याची वाट न पाहता. मिझोरमला निर्वासितांसाठी पैसे द्या आणि आलेल्यांना परत पाठवणार नाही असे लिहून द्या.

आणि खासदार महोदय, तुमच्यासाठी काम छोटे आहे. येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न: 1 फेब्रुवारी 2021 पासून आजवर भारतातून म्यानमारच्या संरक्षण खात्याला कोणते साहित्य, कोणत्या तारखेला, किती रुपयांचे गेले? 48 पैकी एकाने तरी तो विचारावा. विचाराल तेव्हा मिझोरमच्या खासदाराची सहीही सोबत घ्या.

कळावे,

रत्नागिरीचा एक मतदार